सात नंबरची बाटली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट माहीत नाही.

अंधेरीच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. प्रॅक्टिकल संपलं तरी लॅब उघडी ठेवतो. ज्याला जमत नाही त्याच्या शेजारी उभा राहतो, पुन्हा करायला लावतो. पोरं ‘काका, काका’ करत असतात. परवा प्रिन्सिपल मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, “मुलांना खरं शिकवतात ते काकाच.” टाळ्या पडल्या. मी एकेकाचा चेहरा बघत होतो — कुणाला काही कळलंय का?

मी असा नव्हतो. पूर्वी मला प्रत्येक पोर चोर वाटायचं. टेस्ट ट्यूब मोजून द्यायचो, मोजून घ्यायचो. कुणी उगाच रेंगाळलं की डोक्यात किडा — हा का थांबलाय?

हेमांगी थांबायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. सगळे गेले तरी ही कपाटासमोर, वहीत काहीतरी लिहीत. विचारलं की, “काय नाय काका, बघतेय.” काय बघतेय? परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पोरांना ओळखायला द्यायच्या सॉल्टच्या, नुसते नंबर घातलेल्या बाटल्या भरत होतो, तर ही दाराशी. झालं — माझी खात्रीच पटली. कुठल्या नंबरात कुठलं सॉल्ट, ती यादी हिने उतरवली.

सरांना सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. मला तिला स्वतः पकडायचं होतं. तिच्या टेबलावर सात नंबरची बाटली जायची होती. यादीत सातसमोर स्ट्रॉन्शियम. मी बाटलीत बेरियम भरलं. दोन्ही पांढरी पूड, बघून फरक कळत नाही; ज्योतीत धरली की स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवं. यादी तशीच ठेवली. पाठ करून आली असेल तर स्ट्रॉन्शियम लिहील, मग परीक्षकांना खरं सांगायचं — असा माझा बेत.

तिने बेरियम लिहिलं.

ज्योत हिरवी आली, म्हणून बेरियम. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादी पाहिली, मग तिच्याकडे. “कुणाचं बघून लिहिलंस?”

“नाय सर. मी केलं.”

मी चार हात अंतरावर ट्रे धरून उभा. एक वाक्य पुरलं असतं. पण तेव्हा मी पर्मनंट नव्हतो, आणि — नाही, एवढंच. मी आत गेलो. नंतर ती बाटली रिकामी करून धुऊन ठेवली.

ती नापास झाली. वही टेबलावरच राहिली होती, मी उघडली. यादी नव्हती. पानंच्या पानं — कुठली पूड भुरभुरीत, कुठली चिकटते, ज्योत कशी दिसते. शिकत होती ती. पुढच्या परीक्षेला ती आलीच नाही. त्यानंतर मी लॅब उघडी ठेवायला लागलो. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात.

गेल्या महिन्यात मासळी बाजारात दिसली. तिनेच हाक मारली. सुरमई कापता कापता म्हणाली, “काका, बाटल्या तुम्हीच भरायचात ना? माझं तेव्हा नेमकं काय चुकलं, सांगा की.”

हिला कळलंय? की नुसतं विचारतेय? मी डोळ्यांत बघितलं. नुसतं विचारत होती.

“घाई केलीस गं.”

“हां... तसंच झालं असेल,” ती म्हणाली, आणि माझ्या पिशवीत दोन तुकडे वरून घातले.

मी ते घेतले.