माफी नाही, पास्टर

"उठ बहिणी. समोर ये."

माईकवरून आवाज आला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कडेवर अंगावर पिती पोरगी. मी उठली, गेली. पास्टरनं बोलावलं आणि कोणी बसून राहिलं, असं आमच्या मंडळीत होतच नव्हतं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला सांगितलं, "ही बहीण मला म्हणाली, पास्टर, माह्या मनात येते, हे लेकरू बोडीत टाकून द्यावं."

बायांनी तोंडावर पदर घेतले. मागून एकीचा आवाज आला, "बाप्पा! माय आहे का कोण आहे ही!"

हे मी त्याला एकट्याला सांगितलं होतं. त्याच्या घरी, रडत रडत. पोरगी झाल्यापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता. जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं. आमच्या घरामागे बोडी आहे, धानाला पाणी देतात ते लहान तळं. भांडी घासायला बसली की मी तिकडे पाठ करून बसायची. मला माझीच भीती वाटायची. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "कोणाला कळणार नाही, बहिणी." रविवारी अख्ख्या फुलचूर गावाला कळलं.

दुसऱ्या कोणाला सांगणार होती? आम्ही प्रभूत आलो तेव्हा दोन्हीकडच्या नातलगांनी बोलणं टाकलं. लग्नकार्यात बोलावणं नाही, मयतीला कोणी येत नाही. मंडळी हेच आमचं गोत. आमचं लग्न त्यानं लावलं, पोरीचं नाव त्यानं ठेवलं. ताप आला तरी आमची माणसं आधी त्याला विचारतात आणि मग दवाखान्यात जातात. तो मद्रासकडे कुठंतरी बायबल शिकून आला होता. आम्ही धानातली माणसं. त्याच्यापुढं कोण तोंड उघडणार?

"दुष्टात्मा आहे," त्यानं जाहीर केलं. "उपास धरावा लागेल."

बाळंतिणीला उपास! प्रार्थनेच्या हॉलच्या मागच्या खोलीत मला बसवलं. डोक्यावर तेल ओतलं. चारचौघं वरून हात दाबून उभे. तो ओरडायचा, "निकल! येशू के नाम से निकल!" आमच्याशी मराठी बोलायचा, सैतानाशी मात्र हिंदी. तेल डोळ्यात उतरत होतं. नवरा दाराशी हात जोडून उभा. "पास्टर म्हणून राहिले त ऐक ना," एवढंच म्हणत होता.

दुसऱ्या दिवसापर्यंत माझं दूध आटलं. पोरगी पास्टरच्या बायकोच्या मांडीवर रडून रडून निळी पडत होती. बाई तिला माझ्याजवळ आणत नव्हती.

मी म्हटलं, "माही पोरगी द्या."

तो सगळ्यांना म्हणाला, "ही बहीण बोलत नाही. सैतान बोलून राहिला."

तिथंच माझं टाळकं सटकलं. म्हणजे मी पोरगी मागितली तरी सैतान, पाणी मागितलं तरी सैतान. मग मी होती कुठं? मी त्याचा हात डोक्यावरून झटकला.

"सैतान नाई, मी बोलून राहिली. पोरगी दे इकडं!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं. पोरगी घेतली आणि नवऱ्याच्या हातात दिली, कारण मला माझा भरवसा नव्हता. त्याला म्हटलं, "दवाखान्यात चल. आत्ता. नाई त मी एकटी जातो." तो माझ्या मागं आला. आजवर त्याचा एवढाच उपकार मी मानते.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची डॉक्टरीण बसते. तिला मी बोडीचंही सांगितलं. तिनं नाक मुरडलं नाही. म्हणाली, "बाळंतपणानंतर काही बायांना असं होतं. आजार आहे, बरा होतो. लवकर का नाही आलात?"

लवकर का नाही. मी हमसून हमसून रडली. दुःखानं नाही, रागानं. ऑटोनं जाता येईल एवढ्या अंतरावर होती ती. आणि हा माणूस पेशंटांसाठी प्रार्थना करायला नेहमी त्याच दवाखान्यात यायचा! त्याच दारावरून जायचा! स्वतःला शुगर निघाली तेव्हा नागपूर गाठलं त्यानं. तेल लावून का नाही बसला?

गोळ्या घेतल्या. डॉक्टरणीशी बोलत गेली. हळूहळू झोप आली, भूक आली. पोरगी हसली तर मला हसू यायला लागलं.

मग पास्टरनं सभेत सांगितलं, "बघा, उपासाचं फळ! बहीण साक्ष देईल."

दिली ना साक्ष. माईक हातात घेऊन सांगितलं, "मी गोळ्यांनी बरी झाली. डॉक्टरणीनं ऐकून घेतलं म्हणून बरी झाली. ह्या माणसानं माह्या मनातलं चव्हाट्यावर आणलं आणि माह्या लेकराले उपाशी ठेवलं." माईक बंद केला त्यानं. मी तेच पुन्हा सांगितलं, ओरडून. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मला लई बरं वाटलं. खोटं काऊन बोलू?

मग तो मंडळीतले दोन वडीलधारे घेऊन घरी आला. "क्षमा कर, बहिणी. वचन काय सांगते?"

मी म्हटलं, "सभेत म्हणा. ही बिमारी होती, माह्या हातानं बरी होणारी नव्हती, मी हिले डाक्टरकडं पाठवाले पाहिजे होतं."

"तसं नाही करता येत. मंडळी फुटेल."

"मंग माफी बी नाई."

"तू क्षमा केली नाहीस तर प्रभूही तुला करणार नाही."

"ते माह्यं न प्रभूचं आहे. तुमी मधात नका येऊ."

लोक म्हणतात, दुसऱ्या मंडळीत जा. मी कायले जाऊ? जायचं त तो जाईल. मी पहिल्या रांगेत बसते. तो वचन वाचतो तेव्हा त्याच्याकडे टक लावून पाहते. अडखळतो. अडखळू दे.

आमगावची एक नवी बाळंतीण मंडळीत येऊन राहिली. लेकरू रडते, ती भिंतीकडे पाहते. काल मी तिच्या घरी गेली. म्हटलं, दवाखान्यात मी सोबत येतो. तिची सासू म्हणाली, "पास्टरले विचारून सांगतो."

विचारा म्हटलं. खुशाल विचारा. त्यानं हो म्हटलं तरी मी नेणार, नाही म्हटलं तरी नेणार. आणि त्यानं तिला समोर बोलावलंच, तर त्याचा हात तिच्या डोक्यावर पडायच्या आधी माझ्याशी गाठ आहे.