एकोणीस औटे

काळजी करण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस डहाणूपासून विरारपर्यंत झाला नाही, आणि असा कुणी आहे असं कळलं असतं तर त्याची प्रकृती कशी असेल याचीही काळजी साडूंनीच केली असती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो, ते स्टोअरकीपर. बोईसरला एकाच चाळीत आमची शेजारी शेजारी बिऱ्हाडं होती. मधली भिंत जाडजूड होती, पण साडूंची काळजी भिंतीला जुमानत नसे. घराबाहेर पडताना ते कुलूप तीनदा ओढून बघत, मग ताईंना ओढायला लावत (ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण) आणि शेवटी आमचं दार वाजवून मला बोलावत. वारा सुटला की नवापूरच्या कोळ्यांच्या होड्या उलटतील ही काळजी, आणि वारा पडला की बिचाऱ्यांची शिडं भरणार कशी, ही. एवढी काळजी वाहणारा माणूस वाळायला हवा. साडू मात्र वर्षागणिक रुंदच होत गेले.

या माणसाचा विश्वास फक्त छापील अक्षरावर होता. बोललेलं खोटं असू शकतं, लिहिलेलं चुकू शकतं, पण ‘छापलंय ते काय उगीच?’ हा त्यांचा शेवटचा शब्द. एकदा वाणगावहून लग्न आटोपून परत येताना स्टेशनमास्तर स्वतः बाहेर येऊन म्हणाले, “दुपारची गाडी आज रद्द आहे.” साडूंनी खिशातून वेळापत्रक काढलं, त्या गाडीवर बोट ठेवलं आणि मास्तरांना अत्यंत नम्रपणे म्हणाले, “इथे छापलीय हो.” मग छत्री उघडून ते फलाटाच्या टोकाला उन्हात उभे राहिले. दोन तासांनी पुढची गाडी आली तेव्हा ही आपली नव्हे म्हणून चढेनात. शेवटी ताईंनी दंडाला धरून त्यांना आत घातलं.

दुसरा अभिमान स्मरणशक्तीचा, आणि तो मात्र खरा होता. कुठल्या मापाचा नट कुठल्या खणात आहे, दोरखंडाचं कुठलं वेटोळं कधी आलं, हे ते रजिस्टर न उघडता सांगत. या स्मरणशक्तीचं मूळ औटकीत आहे असं त्यांचं मत होतं. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. पावकी-निमकी कुणालाही येते, दिडकी वाण्याला यावीच लागते, पण ज्याला शंभरापर्यंत औटकी येते त्याच्या मेंदूला मरण नाही, असं त्यांना त्यांच्या पंतोजींनी सांगितलं होतं. मला बाराच्या पुढे कुठलाच पाढा धड येत नाही. नवे पैसे आले आणि अपूर्णांकांचे पाढे शाळांतून उठले, तेव्हा मनातल्या मनात पेढे वाटणाऱ्यांपैकी मी एक.

तर अशा या माणसाला नोकरीत कायम करण्याची वेळ आली आणि वैद्यकीय तपासणीत घोडं अडलं. प्रकल्पाचे डॉक्टर म्हणाले, “वीस पौंड कमी करा आणि तीन महिन्यांनी या.” साडूंची चाळिशी उलटून गेली होती, पदरात दोन मुली होत्या, आणि हंगामी माणसाला आज काम तर उद्या घर. त्या दिवशी ते दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून राहिले. मग उठून लोखंड तोलायच्या काट्यावर उभे राहिले आणि आकडा बघून काटा बिघडल्याची तक्रार लिहायला बसले. आठवड्यात ताईंनी भात अर्धा केला, साखर बंद केली, पण काटा हलेना. तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून ते पालघरला एका खाजगी डॉक्टरांकडे गेले आणि लहानशा गुलाबी गोळ्यांची डबी घेऊन आले. डबीत घडी घातलेला छापील कागद होता. भूक मंदावेल, उत्साह वाढेल, असं त्यात छापलं होतं. साडू निश्चिंत झाले. त्यांना निश्चिंत झालेलं मी आयुष्यात दोनदा पाहिलं, त्यातली ही पहिली वेळ.

कागदात छापल्याप्रमाणे सगळं झालं, जरा जास्तच झालं. भूक मेली. ताईंच्या हातच्या थालीपिठाकडे ते ओळख नसल्यासारखे बघत. उत्साह तर असा वाढला की सकाळी चहा होण्याआधी घरातले सगळे डबे दोनदा घासून उपडे घातलेले असत. स्टोअरातले नट त्यांनी आधी मापाने लावले, मग वजनाने, मग चकाकीने, आणि पुन्हा मापाने. बोलताना वाक्यं एकमेकांवर चढायची, आणि बोलणं नसलं की जबडा नुसताच हलत राहायचा. झोप गेली. सदरा सैल होत चालला आणि साडू काट्यावरून उतरताना हसत, पण डोळे हसत नसत. मला ते डोळे बघून भीती वाटू लागली होती, हे मी कबूल करतो.

आणि त्यात स्टोअरच्या मुकादमाने काडी टाकली. तो डोंगरातल्या गावचा, साडूंच्याच वयाचा माणूस, हेतू स्वच्छ. साडूंचं पोट उतरलेलं बघून म्हणाला, “सायेब, चरबी जिरवायची गोली खाता तुमी? मंग भेजा जपा. बकऱ्याचा भेजा मी फोडलाय, सगली चरबीच हाय. गोलीला काय कलतंय, पोटाची कुठली न डोक्याची कुठली?”

साडू पांढरेफटक पडले. त्यांनी डबीतला कागद चारदा वाचला. गोळीला पोट कुठलं, डोकं कुठलं हे कळतं की नाही, याबद्दल काही छापलेलं नव्हतं. गोळी सोडावी तर नोकरी जाते, आणि घ्यावी तर जिच्यावर नोकरी चालते ती स्मरणशक्तीच वितळते. संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन ते म्हणाले, “साडूबुवा, आता तुम्हीच माझे परीक्षक. रोज सकाळी औटकी म्हणतो. जोवर चुकत नाही तोवर गोळी चालू.” मला औटकी येत नसल्यामुळे मी पालघरच्या बाजारातून उजळणीचं एक पातळ पुस्तक विकत आणलं. रोज सकाळी ओट्यावर मी पुस्तक उघडून बसे आणि ते डोळे मिटून, जबडा हलवत, शंभरापर्यंत धावत. मी बोट सरकवत जाई. खरं सांगायचं तर निम्मा वेळ माझं लक्ष चहाकडे असे.

दीडेक महिन्याने एका सकाळी चहा आधी मिळाला आणि माझं बोट नेमकं ओळीवर राहिलं. “अठरा औटे त्रेसष्ट,” साडू म्हणाले, “एकोणीस औटे साडेसहासष्ट...” पुस्तकात साडेपासष्ट होतं. मी सहज म्हणालो, “चुकलं.”

त्यांनी डोळे उघडले. “काय छापलंय?”

“साडेपासष्ट.”

ते पुस्तक त्यांनी हातात घेऊन पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “एक गेला.” मला कळेना, कोण गेला? “एक गेला, साडूबुवा. शंभरांतला एक. असेच एकेक जाणार.” आत जाऊन त्यांनी गोळ्यांची डबी आणून ताईंच्या पुढ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. एवढा मोठा माणूस तेव्हा अगदी लहान दिसला.

कामावर गेल्यावर मला चैन पडेना. स्लाइड रूल काढून एकोणीस आणि साडेतीन लावले. साडेसहासष्ट. कागदावर करून पाहिलं, तेच आलं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने चुकीचा टाकलेला एक आकडा! संध्याकाळी साडू यायच्या आधी मी ताईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, “भाऊजी, हे त्यांना सांगायचं नाही. सांगितलंत की उद्या गोळी सुरू. नोकरी गेली तर मी पापड लाटीन, पण हा माणूस डोळे सताड उघडे ठेवून बसलेला मला आता बघवत नाही.” मी मान डोलावली. मग साडू कामावरची मोटार सोडून बोईसर ते तारापूर पायी जाऊ लागले, नाचणीची भाकरी खाऊ लागले, आणि वाटेत विंचू चावेल ही नवी काळजी करू लागले. झोप परत आली. तपासणीत वजन ठरवून दिलेल्यापेक्षा चार पौंड जास्तच भरलं. डॉक्टरांनी नाडीवर बोट ठेवलं, जरा वेळ ठोके मोजले आणि म्हणाले, “चार पौंड राहू देत. नाडी शांत आहे.” आणि सही केली.

मात्र त्या दिवसापासून साडू दर सकाळी ‘एकोणीस औटे साडेपासष्ट’ हे एवढंच मोठ्याने म्हणत, पुन्हा विसरू नये म्हणून. एकदा साडेतीन फुटांचे एकोणीस तुकडे करायला त्यांनी साडेपासष्ट फूट दोर मोजून दिला. मुकादम परत आला. “सायेब, एक फूट कमी पडला.” साडू म्हणाले, “तुमचं कापणं चुकलं. छापलंय ते काय उगीच?” मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. सत्यासाठी तोंड उघडायचे असे किती प्रसंग आले आणि मी चहा पिऊन घालवले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पालघरला घर बांधून राहिल्यावर, साडू खरंच विसरू लागले. आधी माणसांची नावं, मग वार, मग मुलींची गावं. त्या दीड महिन्याच्या गोळ्यांनी हे केलं का, असं मी दोन डॉक्टरांना विचारलं. दोघेही म्हणाले, सांगता येत नाही, वयानेही होतं. मला वाईट याचं वाटलं की त्यांची काळजी गेली. एक दिवस ते कुलूप न ओढताच घराबाहेर पडले, आणि ताई त्या कुलपाकडे बघत उभ्या राहिल्या. साडूंना निश्चिंत झालेलं मी पाहिलं, ती ही दुसरी वेळ. हल्ली घराबाहेर पडताना आमचं कुलूप मी तीनदा ओढतो.

मागे भेटायला गेलो, तेव्हा ते पडवीत बसले होते. मला त्यांनी ओळखलं असं वाटलं नाही. काय बोलावं ते सुचेना म्हणून मी म्हणालो, “औटकी म्हणता का?” त्यांनी डोळे मिटले. मधले आकडे गाळत, अडखळत, पण निघाले. “अठरा औटे त्रेसष्ट. एकोणीस औटे...” ते थांबले. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. “साडेसहासष्ट,” साडू म्हणाले आणि डोळे उघडून माझ्याकडे बघू लागले. “बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणालो. “तेव्हाही बरोबर होतं. चूक पुस्तकात होती. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही.”

“छापील चूक?”

“छापील.”

मग त्यांच्या कपाळावर हळूहळू ती जुनी आठी पडली, कित्येक महिन्यांत न दिसलेली. ताईंनी डोळ्याला पदर लावला. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “मग साडूबुवा, ज्यांनी ज्यांनी ते पुस्तक विकत घेतलं असेल, त्यांचं हो काय?”