मुंगीने दिलेला संशयाचा फायदा

मुंगीला आधी वाट द्यावी, अशी तरतूद या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. तरीही आमच्या आर्णीतील एका गृहस्थाने ती आयुष्यभर काटेकोरपणे पाळली. ते माझे शेजारी, उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली की ते थांबत आणि जमिनीवर काठी आपटत. "मास्तर, हे काय?" मी एकदा चिडून विचारले. "नोटीस देऊन राह्यलो, वकीलसाहेब. बिना नोटिशीचं पाऊल टाकलं तं तुमीच मले कोर्टात खेचान." मी वकील नाही, केवळ तक्रारअर्ज लिहितो. व्हरांड्यातील कोळ्याच्या जाळ्याला ते कोणालाही झाडू लावू देत नसत. कुराणात सर्वांत कच्चे घर म्हणून कोळ्याच्या घराचा दाखला आहे. पेन्शन जमा झाली की ते त्या जाळ्याकडे बोट दाखवत, "अल्लाले सोडून पेन्शनीवर भरवसा ठेवला, तं आपलं घर हे असं."

आमच्या सामाईक कुंपणावरील कडुनिंबाला मधमाश्यांचे पोळे होते. घर कोठे बांधावे याची आज्ञा मधमाशीला साक्षात अल्लाहकडून मिळते, या श्रद्धेने मास्तर त्या पोळ्याला 'अधिकृत बांधकाम' म्हणत. एका संध्याकाळी नगरपरिषदेच्या ठेकेदाराच्या मजुराने डासांसाठी धूर मारताना यंत्राचे तोंड वर केले आणि सकाळी अंगणात मेलेल्या माश्यांचा सडा पडला. मास्तर उकिडवे बसून एकेक माशी वेचत होते. माझा संताप अनावर झाला. या मजुराला तत्काळ कामावरून काढावे, असा अर्ज मी ठेकेदाराच्या नावे लिहिला आणि तेथेच मोठ्याने वाचून दाखवला. बातमी ऐकून आलेला तो मजूर फाटकाशी मान खाली घालून उभा होता. "पोळं दिसलंच नाही, काका. घरी लेकरं हायेत."

मास्तर माश्यांची ओंजळ सांभाळत उठले. "वकीलसाहेब, कुराणातली गोष्ट हाये. हजरत सुलेमान बादशाची फौज चालून येत होती, तवा मुंगी आपल्या लोकायले काय म्हणाली? बिळात चला, नाहीतर हे तुमाले चिरडतीन, अन् त्यायले समजणारबी नाही. जिवावर बेतलं होतं, तरी तिनं फौजेवर हेतूचा आरोप ठेवला नाही. तुमी कायले ठेवता?"

मी तो अर्ज तेथेच फाडला. लिहिलेला अर्ज मी त्यापूर्वी कधी फाडला नव्हता, नंतरही नाही.

मास्तर गेले त्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकात मुंग्यांची रांग आडवी जात होती. जनाज्याला पुढचा खांदा त्याच मजुराचा होता आणि मास्तरांची काठी माझ्या हातात. मी पुढे झालो, ती जमिनीवर आपटली. त्याने खाली पाहिले आणि पाऊल लांब टाकले.