मागचे दोन टायर

नवे टायर बसवल्यावर गाडीची चक्कर मारून बघणं मी सोडलं आहे. जबलपूरच्या सदर बाजारात माझं टायरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "भैया, एक राउंड लेके देख लो ना," आणि मी गुडघा दुखतो म्हणून सांगतो. गुडघा ठणठणीत आहे. भीती हातांची आहे. स्टेअरिंग धरलं की सहा वर्षांपूर्वीची ती चक्कर तळव्यांत परत येते आणि दिवसभर जात नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला होता. त्याने दोन सीटची, जुनी पण देखणी स्पोर्ट्स कार घेतली आणि डिसेंबरच्या सुट्टीत ती चालवत घरी आला. आला तोच तक्रार घेऊन. "दादा, स्टेअरिंगमध्ये जानच नाही. मी वळवून राहिलो अन् गाडी विचार करून राहिली."

दोष टायरचा आहे हे मी नखानेच ओळखलं. रबरात नख रुतलं तर टायर चांगला. त्याच्या चारही टायरांत रुतेना. नक्षी भरपूर होती, पण रबर वयाने टणक झालं होतं. मी मऊ रबराचे, कडक बाजूंचे टायर सुचवले. असा टायर वळणावर अंग सोडत नाही आणि रस्ता सरळ हातांना कळतो. पुढच्या मापाचे दोन जबलपुरात मिळाले. मागची चाकं जास्त रुंद; ते माप नागपूरहून यायला आठवडा लागणार होता.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पुढच्या चाकांना घट्ट पकड आणि मागच्यांना नाही, म्हणजे नाक वळणार आणि शेपूट सुटणार. हे मीच गिऱ्हाइकांना बजावून सांगायचो. पण मला भावाच्या तोंडून शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. मी पुढचे दोन बसवून टाकले.

आईने नव्या टायरांखाली लिंबं ठेवली, दोनच. "मागचे काहून नाही बदलले?"

"नागपूरहून येऊन राहिले. तोवर चालतात."

आम्ही दोघं भाऊ शहराच्या कडेला रिछाईपर्यंत जाऊन आलो. जाताना गाडी माझ्याकडे होती. स्टेअरिंग खरंच जागं झालं होतं, बारीक खडीसुद्धा बोटांना कळत होती. येताना त्याने चालवली आणि लहान मुलासारखा हसत सुटला. "मान गए दादा!" मी फुगलो. वळणावर जप, मागचे जुने आहेत, एवढं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्याच्या आनंदावर विरजण नको म्हणून मी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच गाडी घेऊन बरगी धरणाच्या रस्त्याला गेला. कडाक्याची थंडी होती, रस्ता दवाने ओला. एका वळणावर गाडी मागून फिरली आणि झाडावर आदळली. तो जागीच गेला.

सगळे म्हणाले, वेगात असेल. मी गाडी जवळून पाहिली, मागच्या टायरवर नख दाबूनही पाहिलं. आणि घरी येऊन मीही म्हणालो, वेगात असेल.

आईने त्याचा फोटो लावू दिला नाही. कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. पाहिला की राग येतो, म्हणायची. "आईचा विचार नाही केला त्यानं." नागपूरचे टायर आले, ते मी जिन्याखाली ढकलले. इतका भेकड माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ते टायर आईच्या हाती लागले. "नवेच तर आहेत. विकत काहून नाहीस?"

मी तिथेच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पुढचे-मागचे, नख, गिळलेलं वाक्य. "तो वेगात नसेलही, आई. त्या टायरांवर साध्या वेगातही गाडी फिरली असती. मला माहीत होतं."

तिने मला बोलावं, मारावं, अशी माझी तयारी होती. ती आत गेली. कपाटातल्या साड्या जमिनीवर काढल्या, फोटो पदराने पुसला आणि माझ्याकडे न बघता त्यालाच म्हणाली, "सहा वर्षं चिडून राहिली रे मी तुझ्यावर."