दारात आडवा आलेला रूळ

सासरे आमच्याकडे बेळ्ळंदूरला आले ते पंधरा दिवसांसाठी. मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग डोळ्यांत थेंब, मग परत भुसावळ, असा बेत होता. चार महिने झाले तरी ते इथेच होते, आणि तेही माझ्या रेल्वेच्या खोलीत.

माझी रेल्वे म्हणजे खरोखर माझीच. नोकरी सॉफ्टवेअरची आणि वेड आगगाडीचं. दुसऱ्या बेडरूममध्ये भिंतींलगत लाकडी घोडे उभे करून, त्यांवर कमरेच्या उंचीला फळ्या टाकून, दोन वर्षं खपून मी खोलीभर फिरणारा रूळ मांडला होता. तीन भिंतींपर्यंत सगळं ठीक होतं. चौथ्या भिंतीत दार होतं. तिथे चौकटीला लागून आतल्या बाजूने मी एक फळी आडवी टाकली आणि रूळ पलीकडे नेला. दार आत उघडणारं, त्यामुळे ते तेव्हापासून उघडंच राहिलं. आत जायचं तर फळीखालून वाकून. खोली माझ्या एकटीची होती तोवर मी त्याला व्यायाम म्हणत असे.

सासरे रेल्वेत रुळांची देखभाल बघणारे निरीक्षक होते. सगळी नोकरी उन्हातान्हात रुळांवरून चालण्यात गेली. आल्या दिवशीच त्यांनी काळा चष्मा वर करून माझ्या रुळाला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाले, "सूनबाई, हा सांधा ढिला आहे." मला राग आला. सांधा खरंच ढिला होता, म्हणून जास्तच आला.

फळीखालून वाकायची त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पण गाडी चालू असताना ते वाकत नसत. फाटक बंद असताना खालून घुसणाऱ्यांना शिव्या घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. इथे गाडी म्हणजे चार डबे, एकेक डबा मुठीत मावेल एवढा. तरी ते टॉवेल खांद्यावर टाकून आत उभे राहायचे, गाडी जाऊ द्यायचे, दोन्हीकडे बघायचे आणि मग वाकायचे. मी संध्याकाळी मालगाडी काढली की त्यांचा चहा बाहेर निवून जायचा. गाडी थांबवू का विचारलं तर म्हणायचे, "माझ्यासाठी गाडी थांबवायची नाही."

नवऱ्याला आगगाडीत मळमळतं. तो सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. "दारापाशी रूळ काप. फळी उचलता येईल अशी कर. बाबांना दार तरी लावता येईल."

मी नाही म्हणाले. एवढा जुळवून बसवलेला रूळ एकदा कापला की पुन्हा तसा जुळत नाही, असं कारण दिलं. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की दार मिळालं तर सासरे कायमचे राहतील अशी मला धास्ती होती. दार लागत नाही त्या खोलीत माणूस पाहुणाच राहतो, आणि मला माझी खोली परत हवी होती. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

गंमत म्हणजे सासरे माझ्याच बाजूचे निघाले. "चालू लाइन अशी कापत नसतात," त्यांनी मुलाला सुनावलं. "दार कापा."

म्हणून मी सुतार बोलावला. तो बनशंकरीहून दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून आला. दाराला फळी जाईल एवढी खाच पाडायची होती. त्याने दार बघितलं, फळी बघितली, सासऱ्यांना बघितलं.

"इदु याके, मॅडम?" हे कशाला, असं त्याने कानडीत विचारलं.

"ट्रेन जाएगी," मी म्हणाले.

सासरे म्हणाले, त्याला चालवून दाखव. मी दाखवली. दोन फेऱ्या तो बघत राहिला. मग "ओनर बैतारे, मॅडम," म्हणजे घरमालक ओरडतील, असं म्हणत त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि फळीखालून वाकून निघाला. गाडी चालू होती. सासऱ्यांनी त्याला शुद्ध मराठीत झापलं.

मग तो गुरुवार. मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून मीटिंगमध्ये बसले होते, पाठीमागे ती खोली. नवं इंजिन जरा रुळावं म्हणून आत फिरत ठेवलं होतं. समोरचे वीसेक चेहरे एकाएकी हसू दाबायला लागले. मी स्क्रीनवर माझ्या खांद्यामागे बघितलं. सासरे पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर, एक पाय पायजम्यात आणि एक बाहेर, असे फळीपलीकडे उभे होते आणि समोरून इंजिन चाललं होतं. एरवी ते कपाटाच्या दाराआड कपडे बदलत. त्या दिवशी तोल जाऊन बाहेर आले असावेत. त्यांनी वर बघितलं आणि त्यांना ते वीस चेहरे दिसले. मी लॅपटॉप मिटला, पण जरा उशिराने. कारण मीही हसले होते.

दुसऱ्या दिवसापासून कपड्यांची घडी काखेत घेऊन ते बाथरूमकडे जायला लागले. गाडी चालू असली तर ती घडी घेऊन फळीशी उभे राहायचे. मी गाडी काढणंच बंद केलं.

त्यापुढच्या आठवड्यात शनिवारी चहाच्या बशीखाली रेघी कागद सापडला. अक्षर सुबक, खाली सही.

"प्रति, मा. रेल्वे व्यवस्थापक, दुसरा बेडरूम. विषय: दरवाज्याजवळील रूळ कापण्यास परवानगी मिळणेबाबत. कालावधी: रविवार, सकाळी दहा ते बारा. या वेळेत सर्व वाहतूक बंद ठेवावी. कारण: एका कर्मचाऱ्याची खासगी सोय."

शेवटच्या ओळीशी मला रडू आलं. मला दार हवंय, एवढी तीन शब्दांची गोष्ट. ती त्यांना तोंडाने मागता येईना, आणि मी मागायला जागाही ठेवली नव्हती. मी खाली 'मंजूर' लिहून सही केली. त्यांनी कागद उलटसुलट बघितला. "शिक्का?" शिक्का कुठला आणू? देवघरातलं कुंकू अंगठ्याला लावलं आणि उमटवलं. ते चाललं.

रविवारी पावणेदहालाच मी करवत घेतली तर त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं रुळाकडे बघत बसलो. नवऱ्याला हॉलमध्ये लाल नॅपकिन धरून उभं केलं होतं. कुठली गाडी येणार होती देव जाणे, पण त्याने नॅपकिन खाली ठेवला नाही.

दहाला काम सुरू. मी सवयीने पक्कड उचलली. "पक्कडीनं रूळ चेपतो. करवत घे," ते म्हणाले. "आणि आधी दोन्हीकडे जखडून घे, मग काप." फळीच्या दोन्ही टोकांना मी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या, रूळ त्यांना सोल्डर केले आणि मग बारीक दातांची करवत चालवली. दोन टोकं, दोन रूळ, चार काप. टोकं कानशीने घासली. फट पोस्टकार्डाएवढी. फळी नेमकी जागेवर बसावी म्हणून दोन पितळी कड्या लावल्या. इंजिन मुंगीच्या पावलांनी पार झालं. सासऱ्यांनी बोटाने सांधे चाचपले आणि कागदावर लिहिलं: "लाइन सुरक्षित. वीस मिनिटं शिल्लक."

मग त्यांनी कड्या काढल्या, फळी उचलून आत भिंतीला टेकवली आणि दार लावलं. ते कुरकुरत लागलं. आतून कडी पडली.

मी बाहेर उभी. नवरा नॅपकिन घेऊन उभा. मग आठवलं, सोल्डरिंग आयर्न आत तापलेलंच आहे. मी दार ढकललं. ढकलल्यावर लक्षात आलं, हात मागे घेतला आणि दार वाजवलं.

"बाबा, आत येऊ का?"

चार महिन्यांत हे मी पहिल्यांदा विचारत होते.

"थांब," ते आतून म्हणाले. "कपडे बदलतोय."

मी थांबले.