नई सडकेवरची पात्रता फेरी

आपला फुटबॉल संघ पात्रता फेरी खेळतो तेव्हा मैदानात सांगण्यासारखं फारसं काही होत नाही. जे व्हायचं ते टीव्हीसमोर होतं, आणि किस्से आपोआप साठत जातात. एका फेरीतले आमच्याकडे इतके साठले की कुणाची मुंज असो की साठी, आम्ही तेच सांगतो आणि लोक हसतात. मीही हसतो. सहाव्या सामन्याचा किस्सा मात्र चौघांपैकी कुणीच सांगत नाही.

चौघं म्हणजे बापू जगदाळे, ज्याच्या नई सडकेवरच्या माडीवर आम्ही जमायचो; पणजोबा फौजेत, हा विमा एजंट. केळकर सर, गणिताचे, रिटायर झालेले. अरविंद, आमच्याच शहरात हजीऱ्याला औषधांचं दुकान. आणि मी, सिटी सेंटरच्या एका बँकेत. माझी बायको वसुधाही प्रत्येक सामन्याला यायची, पण ती चौघांत मोजली जात नसे. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील.

*

गट चार संघांचा, वर जाणार एकच. दोन सामने झाले आणि आपण तळाला. केळकर सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर आकडेमोड सुरू केली. हे त्यांच्याशी हरले, ते ह्यांच्याशी बरोबरीत सुटले, तिसऱ्यांनी चौथ्यांना तीन गोलांनी हरवलं तर... अर्धा तास गेला. शेवटी सरांनी पेनचं टोपण लावलं.

"शक्य आहे. पूर्ण शक्य आहे. एकच अडचण दिसते."

"काय, सर?"

"मध्ये कधीतरी आपल्यालाही गोल करावा लागेल."

*

बापूच्या घरी कॉमेंट्री बंद ठेवायची पद्धत. ते लोक अशुभ बोलतात, असं त्याचं म्हणणं. टीव्हीही जुना, चित्राचे कोपरे कापले जायचे, त्यामुळे स्कोअर कधी दिसायचा नाही. तिसरा सामना परदेशात होता. सुरुवातीपासून निळा संघ सुरेख खेळत होता. अरविंद पुन्हा पुन्हा म्हणत होता, "यार, ह्या पोरांना झालंय काय आज?" बापूचे डोळे भरून आले होते.

वीस मिनिटांनी बापूची मुलगी ऋचा कोचिंगहून आली. पाठीवरची बॅग न काढता टीव्हीकडे बघत उभी राहिली.

"बाबा, अपने वाले तो सफ़ेद में हैं."

बापूने डोळे पुसले. मग केळकर सर हळूच म्हणाले, "तरीच मी म्हणत होतो, पासिंग इतकं कसं सुधारलं."

*

त्याच सामन्यात, उत्तरार्धात, शेजारच्या घरातून एकदम आरडाओरडा झाला. आमचं चित्र मोबाईलवरून टीव्हीवर यायचं, जरा मागे असायचं. म्हणजे गोल झालाय, आपल्यापर्यंत यायचाय. आम्ही उठून एकमेकांना मिठ्या मारल्या. बापूने गॅलरीत जाऊन शेजाऱ्याला हात केला, "मुबारक हो, भाईसाहब!"

"आपको भी," शेजारी म्हणाला. "क्या कैच था!"

तिथे क्रिकेट चालू होतं. बापूने मान डोलावली, दोन मिनिटं त्याच्याशी त्या कॅचबद्दल बोलला आणि आत येऊन बसला. फुटबॉल बघतोय असं सांगायची त्याला लाज वाटली.

*

आपला पहिला गोल मात्र त्याच संध्याकाळी झाला. अरविंदला दुकानातून फोन आला म्हणून तो जिन्यात गेला होता. आमचा आवाज ऐकून तो वर धावला, तर बापूने दारातच हात आडवा केला.

"तिथेच थांब. हलू नकोस."

अरविंद उरलेला सामना जिन्यात उभा राहिला आणि आपण जिंकलो. पुढच्या सामन्याला कुणी न सांगता तो सात वाजता जिन्यात जाऊन उभा. बापूच्या बायकोने, शोभावहिनींनी, विचारलं, "भावजी, भांडण झालं का तुमचं?"

"नाही वहिनी. देशाचं काम आहे."

त्या दिवसापासून आमच्यात नियमच झाला. आपला गोल होताना जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं.

*

चौथ्या सामन्यात वसुधा थालीपिठांची ताटली घेऊन खोलीत आली आणि समोरच्यांनी गोल केला. उत्तरार्धात ती रिकाम्या ताटल्या न्यायला आली आणि दुसरा झाला.

केळकर सरांनी चष्मा काढून पुसला. "दोनदा झालं म्हणजे योगायोग म्हणता येणार नाही."

"सर, अकरावीला मी तुमच्याच वर्गात होते," वसुधा म्हणाली. "तेव्हा तुम्ही असं नव्हतं शिकवलंत."

सर ओशाळून हसले. बापूही हसला, जिन्यातून अरविंदही. विषय तिथे संपला असता. मीच म्हणालो, "तू जरा शोभावहिनींजवळ बस नं. मॅच संपेपर्यंत."

ती जाऊन बसली. आपण दोन गोल फेडले, सामना बरोबरीत सुटला, आणि वसुधाची जागा स्वयंपाकघरात ठरून गेली.

खरं म्हणजे आमच्यात फुटबॉल कळायचा तो तिलाच. तिचा भाऊ कॉलेजचा गोलकीपर होता, आणि लहानपणी त्याच्यामागे उभं राहून बॉल आणून द्यायचं काम हिचं. घरी जाताना स्कूटरवर मागून म्हणाली, "अहो, मला आपला एक गोल बघायचाय. एकच. मग नाही येणार आत."

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

टीव्ही आमच्या घरीही होता. तेवढ्यापुरतं आम्ही दोघं घरी बसू शकलो असतो. हे आता लिहिताना सुचलंय असं नाही. तेव्हाही सुचलं होतं.

*

पाचव्या सामन्यात आपला एक फटका गोलपोस्टच्या बारवर आदळला. आम्ही कपाळाला हात लावला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "बारला लागला नं?"

थोड्या वेळाने गोल झाला, आम्ही उठलो आणि बसलो. आतून, "ऑफसाइड?"

कॉमेंट्री तर बंद होती. बापू न राहवून आत गेला. "वहिनी, तुम्हाला कळतं कसं?"

"तुमच्या 'अरे'वरून," वसुधा म्हणाली. "बारला लागला की 'अरे' लांब असतो. ऑफसाइडला आधी सगळेच ओरडता, मग ह्यांचा एकट्याचा 'अरे' उरतो. ह्यांना उशिरा कळतं."

आपण एका गोलाने जिंकलो. तो खरा गोल झाला तेव्हा आतून प्रश्न आला नाही. दोघी टाळ्या वाजवत होत्या.

*

पाचव्या आणि सहाव्या सामन्यांच्या मध्ये काही महिने गेले. त्यात वसुधाचा आजार कळला. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

सहाव्या सामन्याच्या दिवशी सरांच्या कॅलेंडरवर एकच ओळ होती. बाकीचे निकाल हवे तसे लागले होते. जिंकलो की वर. वसुधाने यायला नको होतं, पण ती आली. डोक्याला स्कार्फ. माडी चढताना दोनदा थांबली. जिन्यात उभ्या असलेल्या अरविंदने तिला हात दिला.

वर बापूने स्वतःची आरामखुर्ची टीव्हीसमोर ओढून ठेवली होती. "वहिनी, आज तुम्ही इथे."

केळकर सर म्हणाले, "हो, बस बाळ. ते सगळं थोतांड असतं."

वसुधाने माझ्याकडे बघितलं.

मी कॅलेंडरकडे बघत होतो. "बघ," मी म्हणालो, "तुला वाटत असेल तर."

सव्वीस वर्षांच्या संसारानंतर त्याचा अर्थ तिला समजावून सांगायला नको होता. "शोभा आत एकटीच आहे," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. बापूने खुर्ची जागेवर सरकवली.

पूर्वार्धात आपला गोल झाला. लांबून मारलेला, वळत जाऊन कोपऱ्यात. असा गोल आम्ही आपल्या संघाकडून पाहिला नव्हता. सर टेबलावर हात आपटत होते.

"कुणी मारला?" आतून वसुधा.

"दहा नंबरने, वहिनी," बापू ओरडला. "काय मारला, काय मारला!"

ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली असावी, कारण आवाज जवळून आला. "रीप्ले दाखवतायत का? येऊ?"

बापू माझ्याकडे बघायला लागला. सरही.

"थांब," मी म्हणालो. "अजून बरीच मॅच आहे."

"बरं."

शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी दोन केले. सामना संपला, फेरी संपली. अरविंद जिन्यातून वर आला, आमचे चेहरे बघून चपला घालून परत खाली गेला. सर कॅलेंडर सुलटं करून खिळ्याला अडकवत बसले.

वसुधा आत आली. "झालं नं? आता बसू?"

बापूने खुर्ची पुन्हा ओढून आणली. पडद्यावर त्यांचा दुसरा गोल दाखवत होते, पुन्हा पुन्हा, कधी समोरून, कधी जाळीच्या मागून. आपला एकदाही दाखवला नाही. बापू टीव्ही बंद करायला उठला.

"राहू द्या, भावजी," ती म्हणाली.

जाहिराती लागेपर्यंत ती पुढे झुकून बघत राहिली. मग स्कार्फ सारखा करत माझ्याकडे वळली.

"छान दिसतो हो गोल, चित्रासकट."