कुंदाचा तीन प्रतींचा गेटपास

मध्य प्रदेशात, गोहलपूरच्या त्या गल्लीत सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, आणि त्या दोन खोल्यांत मावणार नाही एवढी कुंदा होती. अंगानं नव्हे हो, बोलण्यानं. बरं, अंगानंही थोडी होतीच. खाली पंक्चर काढणारा तुळशीराम म्हणायचा, "दीदी, आप बोलती हैं तो ट्यूब में हवा अपने आप भर जाती है." तर ही वरून, "मग पंप विकून टाक ना भैया, काहून ठेवला?"

कुंदा पाटणच्या शाळामास्तरांची लेक. नवरा श्रीपाद तोफगोळ्याच्या फॅक्टरीत. तिथं तयार झालेल्या भागांची मापं तपासायची, हे त्याचं काम. केसाएवढा फरक असला तरी त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. भाजीत मीठ नाही, हे मात्र कुंदानं सांगितल्यावरच त्याला कळायचं. माणूस सरळ, पण फॅक्टरीनं पुरता घडवलेला. सगळं कागदावर, सगळं तीन प्रतींत. फॅक्टरीच्या फाटकातून साधा खिळा बाहेर न्यायचा तरी गेटपास लागे. वस्तूचं वर्णन, नग किती, परत करण्याजोगी की परत न करण्याजोगी, कधी निघाली, कोणी घेतली. एक प्रत फाटकावर, एक ऑफिसात, एक नेणाऱ्याजवळ. घरीही तसंच. शेजारी इडलीचं भांडं नेलं तरी हा विचारणार, "कधी दिलं? नोंद केली?" कुंदा कपाळावर हात मारायची.

हसायचं ते हसून घ्या, कारण हाच खुळेपणा पुढे कामी आला.

त्याआधी पासष्ट सालचं सांगायला हवं. सप्टेंबर महिना, लढाई जोरात. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि पाळी सुरू झाली की फाटक बंद. फोरमनच्या चिठ्ठीशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. त्यातच कुंदाची पहिली वेळ आली. शहरातल्या एका प्रसूतिगृहात तिला नेलं. नाव कशाला घ्या, आता तिथं चपलांचं दुकान आहे.

सकाळचे दहा वाजले होते. सुनेत्रा नावाची नवी सिस्टर होती, आपल्यातलीच, नागपूरकडची. तिनं पोटाला नळी लावून ऐकलं आणि तिचं तोंड उतरलं. बाळाचे ठोके मंदावले होते. बाळ अडलं होतं, ऑपरेशन करायलाच हवं होतं. तिनं लगेच मोठ्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, "पहला बच्चा है, टाइम लगेगा. पति के दस्तखत लेकर रखो." मग ते जेवले. मग म्हणे जरा आडवे झाले.

श्रीपादला निरोप पोचला, चिठ्ठी मिळाली, फाटक उघडलं आणि तो सायकल हाणत दीड वाजता धापा टाकत आला. सही केली. चिठ्ठी तासाभराचीच, म्हणून तसाच परत फाटकाकडं पळाला. डॉक्टर आले चार वाजून गेल्यावर. पावणेपाचला पोरगी बाहेर काढली, निळीजांभळी. रडली नाही. थोपटलं, चोळलं, श्वास फुंकला, तेव्हा कुठं मांजराच्या पिल्लासारखी कुईं केली.

तीच ज्योती. वर्षाची झाली तरी डावी मूठ उघडेना, डावा पाय ओढायची. दुसऱ्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जन्मताना फार वेळ कोंडून राहिली, मेंदूला हवा कमी पडली. लवकर काढली असती तर बहुधा हे झालं नसतं.

आणि प्रसूतिगृहाच्या कागदावर काय लिहिलेलं? 'पतीची संमती उशिरा मिळाली.'

संपलं. श्रीपाद त्या एका ओळीखाली दबून गेला. मापं तपासणारा माणूस, स्वतःचंच माप चुकलं असं समजून चालायला लागला. कुंदा वेळा सांगायची, तर त्याला वाटायचं, समजूत काढते. पण कुंदा पडल्या पडल्या दिवसभर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होती ना! ती ज्योतीला कडेवर घेऊन गेली थेट डॉक्टरांच्या खोलीत. म्हणाली, सही दीडची, तुम्ही चारचे. कागद दुरुस्त करा.

डॉक्टर हसले. "बहनजी, आप घड़ी देखकर डिलीवरी कर रही थीं क्या?"

"और क्या देखती? आप तो थे नहीं."

सुनेत्रा सिस्टर दाराशी होती. तिनं मान खाली घातली. पण कागद काही बदलला नाही.

आता दुसरी कोणी असती तर जन्मभर रडत बसली असती. कुंदाही रडली, नाही असं नाही. पण तिला फार वेळ रडायला जमायचं नाही, मध्येच बोलावंसं वाटायचं. तिनं ज्योतीच्या डाव्या हाताला रोज तेल लावलं, आणि कणकेचा गोळा दिला मळायला. "उजवा हात पाठीमागं! डावीला काम करू दे, लाडावून राहिली ती." पोरगी पाच वर्षांची होईस्तोवर डाव्या मुठीनं गोळा दाबायला लागली. पोळी मध्य प्रदेशच्या नकाशासारखी व्हायची, आणि श्रीपाद बापुडा ती मुकाट्यानं खायचा. एकदा म्हणाला, "इंदूरकडची बाजू जरा कच्ची आहे." ज्योती खदाखदा हसली. घर असं सुखाचं होतं. फक्त एक गोष्ट कोणी बोलायचं नाही, दुसऱ्या मुलाची.

आणि एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दिवस राहिले.

दिवस मोजले तर बाळंतपण डिसेंबरात. सरकारी दवाखान्यात जावं म्हटलं, पण थंडी पडेपर्यंत लढाईची हवा इतकी तापली की तिथल्या खाटा जवानांसाठी राखून ठेवायला लागले. ऑपरेशनची सोय असलेली जवळची जागा एकच. तीच. डॉक्टरही तेच.

श्रीपादची झोप उडाली. "कुंदा, मी पुन्हा आत अडकलो तर?"

"अडकणारच तुम्ही. लढाई काय माझ्या बाळंतपणासाठी थांबणार आहे?" कुंदा मेथी निवडत होती. निवडता निवडता थांबली. "अहो, तुमचा खिळा बाहेर जातो तो तुम्ही फाटकावर नसताना जातो ना?"

"हो. गेटपास आधीच सही केलेला असतो."

"मग माझाही करा."

श्रीपादनं चष्मा पुसला, कार्बन काढला, आणि बसला. अर्ध्या तासानं कागद पुढे केला. कुंदा वाचायला लागली आणि मेथीच्या ढिगावर आडवी होऊन हसली. हाताला जे वळण तेच उतरलं होतं. 'वर्णन: पत्नी, कुंदा. नग: एक. परत करण्याजोगी. वर्णन: बाळ. नग: एक. परत न करण्याजोगे.'

"अहो, मी परत करण्याजोगी?"

"म्हणजे सुखरूप परत यायला हवी असं," श्रीपाद कानापर्यंत लाल. "खोडतो."

"खबरदार खोडाल तर!"

खालचा मजकूर मात्र पक्का होता. मागचं बाळंतपण ऑपरेशननं झालं आहे. या वेळच्या ऑपरेशनला आजच संमती आहे, माझी वाट पाहू नये. त्याखाली रिकाम्या जागा: पेशंट आली, किती वाजता. डॉक्टरांना बोलावलं, किती वाजता. डॉक्टर आले, किती वाजता. प्रत घेणाऱ्याची सही. श्रीपाद सही करायला वाकला तेव्हा कुंदानं पेन काढून घेतलं. "पोट माझं. पहिली सही माझी." तिनं केली, मग त्यानं.

तिन्ही प्रती खणाच्या पिशवीत शिवल्या. श्रीपादनं मनगटावरचं घड्याळही काढून तिला दिलं. "मला काय, भोंग्यावर वेळ कळते."

डिसेंबरात लढाई पेटली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नऊला पहिली कळ आली. श्रीपाद सहालाच फाटकाआड गेलेला. ज्योतीला तुळशीरामच्या बायकोजवळ ठेवलं, आणि शेजारच्या विभावरीकाकू रिक्षात बसल्या. काकूंचा स्वभाव आधीच घाबरा. सगळ्या रस्त्यानं रामरक्षा. कुंदा म्हणाली, "काकू, जरा मोठ्यानं म्हणा, रिक्षावाल्यालाही पुण्य लागू द्या."

प्रसूतिगृहाच्या खिडक्यांना ब्लॅकआउटचा काळा कागद चिकटवलेला, दिवसाही आत तिन्हीसांज. भिंतीवरचं ते घड्याळ दिसतही नव्हतं. सुनेत्रा सिस्टर आता तिथली मुख्य होती. तिनं कुंदाला ओळखलं. नळी लावली, ठोके चांगले होते. मग जुना टाका चाचपला, कुंदा कळवळली आणि तिथंच सिस्टरचा हात थबकला. तिनं डॉक्टरांना फोन लावला. परत आली ती जमिनीकडं बघत.

"काय म्हणाले?" कुंदानं विचारलं.

"म्हणाले, थोडी राह देखो. अपने आप हो जाए तो अच्छा." सिस्टर थांबली. "आणि मिस्टरांची सही."

कुंदाला कळ आली. कळ ओसरल्यावर तिनं पिशवीची शिवण दातानं उसवली.

"घ्या सिस्टर. सही आहे. आता आधी पावती द्या."

सिस्टरनं कागद पणतीएवढ्या दिव्याखाली धरला. 'परत करण्याजोगी' पाशी तिच्या ओठाला पीळ पडला. पण खाली रिकाम्या जागांवर नजर गेली आणि ती वाचायची थांबली.

"मागच्या वेळी मी डॉक्टरांना दहालाच बोलावल्याचं लिहिलं होतं गं," ती हळूच म्हणाली. "ते पान फाडायला लावलं मला."

"ठाऊक आहे. तुमची मान सांगत होती." कुंदानं मनगट पुढे केलं. "हे बघा, दहाला पाच कमी. आता लिहा, आणि तिन्हींवर लिहा."

सिस्टरनं लिहिलं. सही केली. कुंदानं एक प्रत विभावरीकाकूंना दिली. "काकू, ही फाटकाची प्रत. रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहा. कोणी मागितली तरी द्यायची नाही."

"मी? अगं बाई!" काकू म्हणाल्या, आणि कागद चोळीत खुपसून चालायला लागल्या. घाबरट माणसाच्या हातून कागद काढून घेणं कठीण असतं, हे कुंदाला माहीत होतं.

मग सुनेत्रा सिस्टर फोनपाशी गेली. दार उघडंच होतं. शब्द न् शब्द ऐकू आला.

"सर, सही आहे. आधीच केलेली. जुना टाका दुखून राहिला आहे, थांबता येणार नाही. तुम्हाला बोलावल्याची वेळ मी लिहिली आहे. नाही सर, फाडता येत नाही. तीन प्रती आहेत, एक बाहेर गेली."

सिस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "जी सर. टेबल तैयार है."

डॉक्टर दहा वाजून बारा मिनिटांनी आले. शर्टाचं एक बटण उघडं, हनुवटीला दाढीचा साबण. कुंदा म्हणाली, "नमस्ते डॉक्टरसाब. दस बारह." तिनं मनगट वर केलं होतं. ते सरळ हात धुवायला गेले.

अकराच्या आत पोरगी बाहेर आली. आणि काय रडली! गुलाबी, मुठी आवळून, सगळ्या प्रसूतिगृहाला शिव्या घालत असल्यासारखी. रस्त्यापलीकडं उभ्या काकूंनी ऐकलं आणि चहाच्या टपरीवाल्यालाच मिठी मारायच्या बेतात होत्या म्हणे, सावरल्या. डॉक्टर टाके घालता घालता बोलले तेवढंच, "पुराना टाँका पतला पड़ गया था. एक घंटा और रुकते तो मुश्किल थी." कुणाला उद्देशून बोलले, त्यांनाच ठाऊक.

पासष्टचा कागद तसाच राहिला, तो कोणी दुरुस्त केला नाही. पण संध्याकाळी पाळी सुटल्यावर श्रीपाद आला, तेव्हा सुनेत्रा सिस्टरनं तिसरी प्रत त्याच्यापुढे धरली. त्यानं वेळा वाचल्या. एकदा, दोनदा. मग म्हणाला, "सतरा मिनिटांत आले. म्हणजे मागच्या वेळीही येता आलं असतं..."

"मागच्या वेळी तुम्ही डॉक्टरांच्या अडीच तास आधी सही करून गेला होता भैया," सिस्टर म्हणाली. "हे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

श्रीपाद खुर्चीवर बसून चष्मा पुसायला लागला. कुंदानं त्याला थोडा वेळ बसू दिलं. फार नाही.

"चला, सही करा. नग दोन, मिळाले."

दुसऱ्या दिवशी तुळशीराम ज्योतीला सायकलच्या दांड्यावर बसवून घेऊन आला. पाय ओढत ती खाटेपाशी आली, बाळाच्या दोन्ही मुठी नीट तपासल्या, बापासारख्याच. मग आपली डावी बोटं पुढे केली. बाळानं ती गच्च धरली.

"आई, सोडून नाही राहिली!"

"सोडणार नाही," कुंदा म्हणाली. "ओढ तू. तुझ्या डावीला मेहनत होऊ दे."

धाकटीचं नाव विनता ठेवलं. आणि पुढे कित्येक वर्षं गोहलपुरात कुणाच्या सुनेला आठवा लागला की सासू जिना चढून यायची. "कुंदाताई, तो तुमचा गेटपास लिहून द्या ना." श्रीपाद कार्बन काढायचा. मजकुरात 'परत करण्याजोगी' हे शब्द आलेच पाहिजेत, असा कुंदाचा हट्ट असायचा, आणि ज्योती डाव्या हातानं कागद दाबून धरायची, हलू नये म्हणून.